नक्कल फी जरूर घ्या, मालकी सांगू नका

बाळंतपणाचं एक चित्र आहे आणि त्यात बाळंतीण झाड आहे. तिचं शरीर खोड होऊन जमिनीत रुजलंय, हातांना फांद्या फुटल्यात आणि त्या खोडातून नुकतंच मूल बाहेर आलंय. भोवती बायकांची लगबग. तपकिरी शाईच्या झरझर ओढलेल्या रेघा आणि सावलीसाठी पातळ करड्या रंगाचे हात, एवढंच सामान. निकोला पुसँ या फ्रेंच चित्रकारानं १६२२-२३च्या सुमारास पॅरिसमध्ये हे रेखाटन केलं. तेव्हा तो तिशीच्या आत होता आणि त्याचं फारसं नाव झालेलं नव्हतं.

गोष्ट ओव्हिडची. ‘मेटॅमॉर्फोसिस’ या त्याच्या लॅटिन काव्यात पंधरा सर्ग आणि सुमारे बारा हजार ओळी आहेत. त्यातल्या दहाव्या सर्गात मिर्रा येते. तिचा जीव स्वतःच्या बापावर जडतो. दाईच्या मदतीनं, रात्रीच्या अंधारात, ओळख लपवून ती त्याच्या बिछान्यापर्यंत पोचते. एके रात्री दिवा आणला जातो, बापाला कळतं, तो तलवार उपसतो आणि ती पळत सुटते. पोटात मूल घेऊन महिनोन्‌महिने अरबस्तानातून भटकते. शेवटी थकून देवांकडे मागणं मागते, की मला जिवंतांतही ठेवू नका आणि मेलेल्यांतही नको. तिचं झाड होतं. झाड झाल्यावरही ती रडत राहते आणि ते अश्रू सालीतून डिंक होऊन ठिबकतात. मग कळा सुरू होतात आणि हाक मारायला तोंड नाही. ल्युसिना ही बाळंतपणाची देवता आपण होऊन येते, कण्हणाऱ्या फांद्यांपाशी उभी राहते, हात लावते, सुटकेचे शब्द म्हणते. साल फाटते, मूल रडतं. जलदेवता त्याला मऊ गवतावर ठेवतात आणि आईच्याच अश्रूंनी माखतात. ते मूल म्हणजे अदोनिस.

मिर्राच्या नावानं युरोपात ओळखला जाणारा हा डिंक आपल्याला परका नाही. काष्ठौषधींच्या दुकानात जो हिराबोळ मिळतो, तो हाच. बाळंतिणीला हिराबोळ द्यायची रीत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मी या गोष्टींचा मराठी अनुवाद करत होते, तेव्हा हे जुळलं आणि कितीतरी वेळ मी पुढची ओळ लिहू शकले नाही. दोन हजार वर्षांपूर्वी रोममधल्या एका कवीनं एका बाळाला ज्यानं माखलं, त्याचा कडवट वास माझ्या आजीच्या फडताळाला होता. हे चित्र समजायला मराठी वाचकाला युरोपच्या कलेचा इतिहास शिकावा लागत नाही. ते त्याच्यासमोर आलं, की पुरे.

समोर येणं हाच प्रश्न आहे आणि मला त्याबद्दलच लिहायचंय. चारशे वर्षांपूर्वीचं, ज्याच्या कर्त्याचा कुठलाही हक्क आता उरलेला नाही असं रेखाटन आज कोणी, कुठे, किती मोकळेपणानं पाहावं आणि छापावं?

मिर्राचं हे रेखाटन एका संचातलं आहे. पुसँनं तो संच जांबात्तिस्ता मारिनो या इटालियन कवीसाठी केला. मारिनो तेव्हा पॅरिसच्या दरबारात होता; अदोनिसवरचं त्याचं प्रचंड काव्य १६२३ साली तिथेच छापून निघालं. संचातली बहुतेक रेखाटनं ओव्हिडच्या कथांवर आहेत, काही रोमच्या इतिहासातल्या लढायांवर. मारिनोनंतर ती रोममध्ये कार्डिनल कामिल्लो मास्सिमी याच्या संग्रहात होती. आज ती विंडसरला, ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहात आहेत.

कागदावरचं रेखाटन तैलचित्रासारखं भिंतीवर कायमचं टांगता येत नाही. उजेड कागदाला पिवळा आणि ठिसूळ करतो, शाई उडवतो आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. शिवाय ते साठत जातं. आज लागलेला उजेड उद्याच्या उजेडात मिळवला जातो. म्हणून जगभरची संग्रहालयं रेखाटनं पन्नास लक्सच्या आसपासच्या मंद उजेडात दाखवतात. आपल्या साध्या ऑफिसात तीनशे ते पाचशे लक्स उजेड असतो, यावरून अंदाज यावा. तेही काही महिनेच. मग पुढची काही वर्षं कागद पेटीत, अंधारात विश्रांती घेतो. युरोपात शेकडो वर्षं जी शाई वापरली गेली, ती आपल्याकडच्या पोथी लिहिणाऱ्यांनाही ओळखीची वाटेल: मायफळ, हिराकस आणि डिंक. लिहिल्यावर ती काळी होते, काळानं तपकिरी होते आणि तिच्यातलं लोह व आम्ल कागद आतून खात जातं. काही जुन्या रेखाटनांत रेघ होती तिथे आता नुसती फट उरली आहे.

अंधाराबद्दल माझी तक्रार नाही. कागद जपणाऱ्या माणसांचं काम मी जवळून पाहिलं आहे. एक सुटलेला कोपरा चिकटवायला ती अर्धा दिवस घालवतात आणि त्याचं श्रेय कुठेही छापून येत नाही. त्यांनी उजेड नको म्हटलं, तर नकोच.

पण मूळ कागद अंधारात ठेवणं अटळ असेल, तर त्याचा फोटो हेच त्या चित्राचं सार्वजनिक रूप ठरतं. तैलचित्राचा फोटो मूळ चित्राची आठवण करून देतो. ज्याला जमेल तो जाऊन मूळ पाहतो. रेखाटनाच्या बाबतीत जवळजवळ सगळ्यांसाठी फोटोच चित्र असतो, कारण मूळ दिसण्याचा योग आयुष्यात एकदा आला तर आला. ब्रिटिश म्युझियमसारख्या ठिकाणी वेळ घेऊन कोणीही अभ्यासिकेत बसून रेखाटनं पाहू शकतं, ही फार चांगली सोय आहे आणि ती टिकली पाहिजे. पण ‘कोणीही’ या शब्दात लंडनला जाऊ शकणारा ‘कोणीही’ बसतो. विमानाचं तिकीट, व्हिसा, राहणं एवढं जमवून साताऱ्याची एखादी कलाशिक्षिका तिथे पोचेल, तेव्हा दार उघडं असेल खरं. ती पोचणार नाही. तिच्या वर्गातली मुलं तर नाहीच.

म्हणून त्या फोटोवर ताबा ठेवणं म्हणजे चित्रावरच ताबा ठेवणं आहे. आणि बऱ्याच संस्था तो ठेवतात. संस्थळावर चित्र पाहता येतं, मोठं करून रेघन्‌रेघ न्याहाळता येते, पण पुस्तकात छापायचं म्हटलं की परवानगी, अर्ज आणि शुल्क.

माझा स्वतःचा अनुभव पुसँच्या रेखाटनाचा नाही, दुसऱ्याच एका चित्राचा आहे. ओव्हिडच्या दुसऱ्या एका कथेचा अनुवाद एका छोट्या मराठी नियतकालिकात यायचा होता. प्रती काही शेकड्यांत, मानधन कोणालाच नाही, संपादक आपल्या निवृत्तिवेतनातून छपाईचं बिल भरणारे. युरोपातल्या एका संग्रहालयाकडे मी शाईचं एक लहानसं रेखाटन मागितलं. अर्जात विचारलं होतं: चित्र पानाच्या किती भागात येणार, मुखपृष्ठावर की आत, कुठल्या भाषेत, कुठल्या देशांत विक्री, किती वर्षांसाठी. सगळं भरून पाठवलं. आलेला आकडा त्या अंकाच्या छपाईखर्चापेक्षा जास्त होता. आम्ही चित्राची जागा मोकळी ठेवली नाही. तिथे मी चित्राचं वर्णन लिहिलं. अंक निघाल्यावर एका वाचक आजींचा फोन आला. वर्णन वाचून त्यांनी पान उलटून पाहिलं होतं, चित्र मागच्या बाजूला असेल म्हणून.

आपल्याकडे तहसील कचेरीत जुन्या कागदाची नक्कल काढायला गेलं, की नक्कल फी भरावी लागते. ती कोणाला खटकत नाही. कागद, शाई, यंत्र, कारकुनाचा वेळ यांचे ते पैसे असतात. पण नक्कल हातात दिल्यावर तहसीलदार विचारत नाही, की ही किती जणांना दाखवणार, कुठे लावणार, किती वर्षं वापरणार. कागद जपायची जबाबदारी त्याच्याकडे आहे, कागदातल्या मजकुराचा तो मालक नाही, हे त्यालाही माहीत असतं आणि आपल्यालाही. जुन्या चित्रांच्या बाबतीत माझं मागणं एवढंच आहे. एखाद्या रेखाटनाचा फोटो अजून काढलेलाच नसेल आणि तो माझ्यासाठी काढावा लागणार असेल, तर त्या श्रमाचे पैसे मी देईन. पण फोटो आधीच काढून ठेवलेला आहे, संस्थळावर चढवलेला आहे आणि त्याची प्रत घ्यायला संस्थेला एक पैसाही लागत नाही, तेव्हा जे मागितलं जातं ती नक्कल फी राहत नाही. पुसँला मरून साडेतीनशेहून अधिक वर्षं झाली. त्याच्या नावावर ते भाडं आहे आणि ते घेणारा तो नाही.

कायदाही हळूहळू या बाजूला सरकतो आहे. १९९९ साली न्यूयॉर्कच्या संघराज्य न्यायालयानं ब्रिजमन विरुद्ध कोरेल या खटल्यात सांगितलं, की हक्कमुक्त झालेल्या सपाट चित्राचा हुबेहूब फोटो काढण्यात नवीन निर्मिती नाही, म्हणून त्यावर नवा कॉपीराइट नाही. युरोपीय संघानं २०१९च्या कॉपीराइटविषयक निर्देशाच्या चौदाव्या कलमात जवळपास हेच लिहिलं. ब्रिटन तेव्हा बाहेर पडायच्या बेतात होता आणि त्यानं ते कलम स्वीकारलं नाही. पण २०२३च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या अपील न्यायालयानं, शेअर बाजाराच्या एका सॉफ्टवेअरच्या खटल्यात का होईना, कॉपीराइटसाठी कर्त्याची स्वतःची मोकळी, सर्जनशील निवड दिसली पाहिजे असं स्पष्ट केलं. हुबेहूब फोटो काढणाऱ्याचं कौशल्यच मुळी स्वतःची निवड दिसू न देण्यात असतं. उलट दिशेचं उदाहरण इटलीचं. लिओनार्दोनं वर्तुळात आणि चौकोनात हातपाय पसरलेला जो माणूस रेखाटला, तेही एका लॅटिन ग्रंथावरून, व्हिट्रुव्हिअसच्या वास्तुविद्येवरच्या लेखनावरून, शाईनं केलेलं रेखाटन आहे. व्हेनिसमध्ये ते अंधारात असतं आणि क्वचितच बाहेर येतं. त्याचं जिगसॉ कोडं विकल्याबद्दल २०२२मध्ये व्हेनिसच्या न्यायालयानं राव्हेन्सबुर्गर या जर्मन कंपनीला मनाई केली. आधार कॉपीराइटचा नव्हता, सांस्कृतिक वारशाच्या इटालियन कायद्याचा होता. मार्च २०२४मध्ये स्टुटगार्टच्या न्यायालयानं तो कायदा इटलीच्या हद्दीबाहेर चालत नाही, असा निर्णय दिला. कोड्याच्या कंपनीबद्दल मला विशेष जिव्हाळा नाही. पण पाचशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या रेघांवर सरकारनं कायमचा हक्क सांगावा आणि त्याला कधीच मुदत नसावी, हे मला भयंकर वाटतं.

पैशांचा प्रश्न खरा आहे. छपरं गळतात, पगार द्यावे लागतात, विंडसरचा संग्रह सांभाळणारी संस्था तर धर्मादाय आहे. पण चित्रांच्या परवान्यांतून खरंच काही उरतं का? लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या सायमन टॅनर यांनी २००४ साली अमेरिकेतल्या कला-संग्रहालयांचा याच दृष्टीनं अभ्यास केला, तेव्हा या व्यवहारात म्हणण्याजोगा नफा होतो असं एकाही संग्रहालयानं सांगितलं नाही. अर्ज तपासायला माणसं लागतात, पत्रव्यवहार होतो, बिलं निघतात आणि मिळकतीचा मोठा भाग त्या यंत्रणेतच जातो. ब्रिटनमधल्या कला-इतिहासकारांनी २०१७मध्ये जाहीर पत्र लिहून ही शुल्कं बंद करा असं म्हटलं, कारण त्यांची स्वतःची संशोधनपर पुस्तकं चित्रांविना निघायची वेळ आली होती. लंडनमध्ये बसून लिहिणाऱ्यांची ही अवस्था असेल, तर कोल्हापुरात बसून लिहिणाऱ्याची काय असेल?

ज्यांनी दार उघडलं त्यांचं काही बिघडलेलं नाही. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियमनं २०१२पासून आपली चित्रं मोठ्या आकारात कोणालाही, कशासाठीही वापरायला खुली केली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं ७ फेब्रुवारी २०१७ला एका दिवसात पावणेचार लाख चित्रं मोकळी केली. लोक त्यांच्या दारात यायचे थांबले नाहीत.

एक अपवाद मी मनापासून मान्य करते. ज्या वस्तू एखाद्या समाजाकडून वसाहतीच्या काळात काढून नेल्या, ज्यांचं दर्शन त्या समाजात सगळ्यांना खुलं नसतं, त्यांचे फोटो सर्रास वाटायचा अधिकार संग्रहालयाला नाही. तिथे विचारायचं ते त्या समाजाला. पण एका फ्रेंच चित्रकारानं एका कवीच्या मागणीवरून केलेल्या रेखाटनाला हे लागू नाही. ते मुळात दाखवण्यासाठीच केलेलं आहे.

आणि ते जन्मालाही नकलांमधूनच आलं, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पुसँ तेव्हा रोमला पोचलेला नव्हता. त्याचं चरित्र लिहिणारा बेल्लोरी सांगतो, की त्यानं दोनदा प्रयत्न केला. एकदा फ्लॉरेन्सपर्यंत जाऊन परतला, दुसऱ्यांदा लियाँच्या पुढे जाऊ शकला नाही. अखेर १६२४मध्ये तो रोमला पोचला. तोवर राफाएल आणि जुलिओ रोमानो हे इटालियन चित्रकार त्यानं पाहिले ते पॅरिसमधल्या एका संग्राहकाकडच्या छापील कोरीव चित्रांमधून. ती समोर ठेवून त्यानं हात बसवला. कोणीतरी राफाएलची भित्तिचित्रं पाहून तांब्याच्या पत्र्यावर कोरली, पत्रे छापले, कागद बाजारात विकले गेले आणि रोमचं भाडं न परवडणाऱ्या एका तरुणापर्यंत पोचले. मिर्राभोवती जमलेल्या बायका ज्या संथ, शिल्पासारख्या ओळीत उभ्या आहेत, ती ओळ त्या छापील कागदांतून आलेली आहे असं मला ती पाहताना दर वेळी वाटतं.

डच चित्रकार रेम्ब्राँ आपला देश सोडून कधीच कुठे गेला नाही. तरी १६५६ ते १६६१च्या सुमारास त्यानं मुघल लघुचित्रांवरून वीसहून अधिक रेखाटनं केली, मऊ जपानी कागदावर, अगदी जपून. झाडाखाली बसलेल्या चार वृद्धांचं एक चित्र त्यात होतं. १६५६च्या आपल्या कोरीव चित्रात त्यानं अब्राहाम आणि देवदूतांना जवळपास तसंच बसवलं. हिंदुस्थानातल्या दरबारी चित्रकारांची बैठक बायबलच्या गोष्टीत जाऊन बसली. मला त्यात कोणाची चोरी झाल्यासारखं वाटत नाही, आनंद वाटतो. पण मग त्याच वाटेनं उलट येताना, त्यांची गोष्ट आणि त्यांचं चित्र माझ्या भाषेत आणताना, मला नाक्यावर का थांबवलं जावं?

ओव्हिडच्या काव्याचं नशीबही ऐकण्यासारखं आहे. इसवी सन ८मध्ये सम्राट ऑगस्टसनं त्याला काळ्या समुद्राकाठच्या तोमिस गावी हद्दपार केलं. तिथून लिहिलेल्या एका कवितेत तो सांगतो, की निघताना मी ‘मेटॅमॉर्फोसिस’ स्वतःच्या हातानं आगीत टाकलं; पण ते नष्ट झालं नाही, कारण त्याच्या प्रती आधीच इतरांकडे झालेल्या होत्या. मराठी माणसाला इथे इंद्रायणी आठवल्याशिवाय राहत नाही. ओव्हिडच्या हातचा एकही कागद आज उरलेला नाही. आपण जे वाचतो ते सगळं मठांमधल्या लेखनिकांनी नकलेवरून केलेल्या नकलेची नक्कल आहे. काव्याच्या शेवटी त्यानं लिहिलं होतं, की माझं हे काम देवाचा कोप, आग, लोखंड आणि काळ यांच्यापैकी कोणीही पुसू शकणार नाही, मी लोकांच्या तोंडी राहीन. त्यातली एकही नक्कल कोणी परवान्यानं अडवली असती, तर पुसँपर्यंत मिर्रा पोचली नसती.

अनुवादांचं पुस्तक आता तयार होत आलंय. मिर्राच्या गोष्टीसोबत कुठलं चित्र द्यायचं याचा निर्णय मागच्या आठवड्यात झाला. अंतोनिओ तेंपेस्तानं ओव्हिडच्या कथांवर केलेली दीडशे कोरीव चित्रं १६०६मध्ये अँटवर्पला प्रसिद्ध झाली. अदोनिसचा जन्म त्यांत आहे आणि राइक्सम्युझियमच्या मोकळ्या संग्रहातून ते चित्र दोन मिनिटांत उतरवून घेता आलं. चित्र चांगलं आहे. पण मला हवं होतं ते हे नव्हतं. एका पिढीच्या मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे मिर्रा उभी राहील ती तेंपेस्ताची, आणि ही निवड माझ्या नजरेनं केलेली नाही, कुठलं चित्र मोकळं आहे यानं केलेली आहे. पानाच्या तळाशी मी दोन टिपा घातल्या आहेत. पहिलीत पुसँचं रेखाटन कुणाच्या संग्रहात आहे आणि संगणकावर ते कसं शोधायचं, हे लिहिलंय. दुसरी टीप हिराबोळाची आहे.